स्पर्श नोंदला गेला नाही

वूच शहरातल्या जुन्या कापडगिरणीचं आता संग्रहालय झालंय,
आणि दुसऱ्या मजल्यावर, जिथं एके काळी दोनशे माग होते,
तिथं माझं एक टेबल आहे. काचेचं.
खालून उजेड येतो, वरून माणसं वाकतात.

आठ महिने लागले ते बनवायला.
धागा तुटतो. तो बोटानं ओढायचा,
दुसऱ्या टोकाला टेकवायचा, दहा सेकंदांत,
की टेबल म्हणतं: शाब्बास! तुम्ही विणकर झालात.
हे वाक्य माझंच.
तिमोनला ते जरा जास्त वाटलं होतं.
मी म्हटलं, मुलांना आवडेल.
मुलांना आवडलं.

चाचणीला चाळीस जण बोलावले होते,
बहुतेक कॉलेजातले, एक दंतवैद्य, एक पियानो शिकवणारी.
चारशे बोटं. मऊ, किंचित दमट,
काचेला हवी तशी.

मार्चमधल्या एका मंगळवारी गेनोवेफाबाई आल्या,
कोटाचा बिल्ला मुठीत धरून.
त्यांनी बोट टेकवलं.
दुसरं टेकवलं.
मग अख्खा तळवा,
तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा.
टेबलानं थोडी वाट पाहिली
आणि कुणीच नाही असं समजून
पहिल्या चित्रावर परत गेलं:
इथे स्पर्श करा.

मी चालतच गेले, पण धावल्यासारखी.
माफ करा, म्हटलं, कधी कधी कोरड्या बोटांना…
त्या माझ्या ओठांकडे बघत होत्या.
या खोलीत एकतीस वर्षं
कुणालाच कुणाचं ऐकू आलं नव्हतं,
सगळ्याजणी ओठ वाचायच्या.
आम्ही तो खडखडाट नियमात बसेल इतका हळू केलाय,
भिंतीतल्या चार स्पीकरांतून.
मला वाटलं होतं, तेवढा पुरे.

"सूत खातं," त्या म्हणाल्या, बोटं उलटी करून दाखवत,
"आधी कातडी, मग रेषा.
ओळखपत्रासाठी ठसा घेत होते, उमटेचना.
खिडकीतला पोरगा म्हणाला,
बाई, मशीनच्या मते तुम्ही नाहीच."
मग त्यांनी बोट जिभेला लावलं,
सुईत ओवण्याआधी दोरा लावतात तसं,
आणि टेबल उजळलं.

धागा तुटला.
दोन्ही हात एकदम पुढे आले,
एक टोक अंगठ्याखाली, दुसरं त्यावरून,
वळसा, आत, ओढ.
मला दिसलंच नाही, इतकं चटकन.
टेबलालाही दिसलं नाही.
त्याला एकच बोट कळतं, डावीकडून उजवीकडे.
चूक, ते म्हणालं. पुन्हा प्रयत्न करा.

"आमचा मुकादम असाच होता," त्या हसल्या,
आणि माझ्या स्वेटरच्या बाहीला लोंबणारा
तुटका धागा, ज्याच्याकडे मी आठवडाभर काणाडोळा करत होते,
न विचारता हातात घेतला.

रात्री नोंदी उघडल्या.
अकरा वाजून चार मिनिटांपासून सात मिनिटं: टेबल मोकळं.
त्यानंतर प्रेक्षक एक, वेळ एकोणीस सेकंद, गुण शून्य.
तिमोन म्हणतो, संवेदकाची पातळी वाढवू या,
पण मग धूळसुद्धा विणकर होईल.

शाब्बासचं वाक्य मी काढून टाकलं.
त्या जागी काय लिहावं सुचेना, तेव्हा रिकामीच आहे.
काठाशी एक ओला स्पंज ठेवलाय,
पोस्टात तिकिटांसाठी असायचा तसला.
मुलं त्यात मनगटापर्यंत हात बुडवतात
आणि सफाईच्या ब्रोनिस्वावाबाई रोज संध्याकाळी
काचेवरचे ओघळ पुसताना माझं नाव घेतात.
चांगल्या अर्थानं नाही.

स्वेटर तीनदा धुऊन झालाय.
बाही पुन्हा उसवत चाललीय,
तेवढी जागा सोडून.